रिकाम्या जागा भरा : जावा प्रोग्राम ब्राउझरमध्ये नेताना



प्रश्नपत्रिकेतला 'रिकाम्या जागा भरा' हा मुलांचा आवडता प्रश्न. आज तोच प्रश्न आपण कॉम्प्युटरच्या बाबतीत सोडवणार आहोत. विषय थोडा तांत्रिक आहे, डी.एड.ला आपल्याला तो कुणी शिकवलेला नाही. पण आपल्यातले बरेच शिक्षक आता स्वतः चाचण्या, पाढ्यांचे खेळ, गुणपत्रकाचे छोटे प्रोग्राम तयार करतात. कुणी कोर्स करून जावा शिकलेलं असतं, कुणाला घरातली इंजिनिअरिंगची मुलगी मदत करते. प्रोग्राम शाळेच्या कॉम्प्युटरवर छान चालतो. मग पालक म्हणतात, "सर, लिंक पाठवा ना, मोबाईलवर सोडवू दे." आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

मोबाईलच्या ब्राउझरमध्ये जावा चालत नाही, जावास्क्रिप्ट चालते. जावाचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करता येतं, पण त्यात काही जागा रिकाम्या राहतात. त्या का राहतात, कशा भरायच्या आणि चुकीच्या भरल्या तर मुलांचं काय नुकसान होतं, ते पायरी-पायरीने पाहू.

१. नावं सारखी, भाषा वेगळ्या

जावा आणि जावास्क्रिप्ट या बहिणी नाहीत, फक्त नावात साम्य आहे. दोन्ही १९९५ साली लोकांसमोर आल्या. जावा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची, तर जावास्क्रिप्ट नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली.

पूर्वी ब्राउझरमध्ये जावा चालायची. त्या छोट्या प्रोग्रामांना ॲप्लेट म्हणत आणि त्यासाठी ब्राउझरला एक जोडणी, म्हणजे प्लगइन लागायचं. पुढे ब्राउझरांनी हा आधार काढून घेतला. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. एका अर्थाने जावामध्ये लिहिलेलं शैक्षणिक साहित्य वेबवरून बेघर झालं.

आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात त्याची सुरुवात केली आणि ते जावामध्ये लिहिलं. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की कोन बदलताना दिसतात, ते आपण वर्गात दाखवतोच. ब्राउझरमधलं आजचं जिओजेब्रा याच जावा कोडचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करून बनतं.

दुसरं उदाहरण फेट सिम्युलेशन्सचं. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्यांचीही अनेक जुनी सिम्युलेशन्स जावामध्ये होती. त्यांनी वेगळी वाट धरली. बरीचशी हाताने पुन्हा नव्याने लिहिली, आणि काही जुनी चीअरपीजे नावाच्या साधनाने ब्राउझरमध्ये चालू ठेवली. ती मराठीतही मिळतात.

२. रूपांतर करणारी साधनं

एका भाषेतल्या प्रोग्रामचं दुसऱ्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. जावाकडून जावास्क्रिप्टकडे नेणारं सर्वात परिचित साधन म्हणजे गूगल वेब टूलकिट. गूगलने ते मे २००६ मध्ये आणलं. त्याला सगळे जीडब्ल्यूटी म्हणतात, आपणही तेच म्हणू. पुढे २०१८ मध्ये गूगलने जेटूसीएल नावाचं नवं साधन सर्वांसाठी खुलं केलं. टीव्हीएम नावाचं आणखी एक साधन आहे. नाव टीव्हीसारखं वाटतं, पण टीव्हीशी संबंध नाही!

यांतला एक फरक लक्षात ठेवा. जीडब्ल्यूटीला मूळ जावा फाइल, म्हणजे आपण लिहिलेला मजकूर वाचायला लागतो. टीव्हीएमला जावाने तयार केलेला बाइटकोड चालतो. म्हणून जीडब्ल्यूटीमध्ये एखाद्या क्लासचा मूळ मजकूर मिळाला नाही तर काम तिथेच अडतं.

३. लायब्ररी म्हणजे काय आणि जागा रिकामी का राहते?

पाककृतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, 'एक चमचा गोडा मसाला घाला.' गोडा मसाला कसा करायचा ते तिथे नसतं, कारण आपल्या घरात तो डबा असतोच हे लेखिकेने गृहीत धरलेलं असतं. तेच पुस्तक घेऊन मुलगी परदेशात गेली की अडते. पाककृती बरोबर आहे, गॅस आहे, कढई आहे, पण डबा नाही.

जावाच्या प्रोग्रामचंही असंच असतं. आपण लिहितो, 'नावांची यादी क्रमाने लाव', 'आजची तारीख दे', 'दोन दशांश स्थळांपर्यंत टक्केवारी दाखव'. ही कामं करणारा कोड आपण लिहिलेला नसतो. तो जावासोबत मिळणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीत असतो. त्यात हजारो क्लास आहेत. ब्राउझरच्या स्वयंपाकघरात मात्र हे डबे नाहीत.

म्हणून जीडब्ल्यूटी बनवणाऱ्यांनी त्यातले नेहमी लागणारे क्लास पुन्हा लिहिले. नाव तेच, पद्धती त्याच, फक्त आतलं काम ब्राउझरला झेपेल असं. याला एम्युलेशन म्हणतात. आपण त्याला 'नकललेली लायब्ररी' म्हणू.

मग सगळीच लायब्ररी का नाही नकलली? कारणं तीन.

- काही गोष्टी ब्राउझरमध्ये जावाच्या पद्धतीने शक्यच नसतात. फोनमधली कुठलीही फाइल वेबपानाने परस्पर उघडणं सुरक्षेच्या दृष्टीने बंद आहे. जावामध्ये एकाच वेळी अनेक धागे, म्हणजे थ्रेड चालवता येतात. जावास्क्रिप्टमध्ये पानाचं काम एकाच धाग्यावर चालतं. त्यामुळे जीडब्ल्यूटीमध्ये थ्रेड नाहीत.
- काही क्लास फार मोठे असतात आणि एक क्लास दहा दुसऱ्या क्लासना बोलावतो. सगळं नेलं तर साधी पाढ्यांची चाचणी उघडायलाही पालकांचा डेटा संपेल.
- काही गोष्टी कंपायलरच्या स्वभावात बसत नाहीत. जीडब्ल्यूटी न वापरलेला कोड काढून टाकतं आणि नावं आखूड करतं. त्यामुळे प्रोग्राम चालू असताना नावावरून क्लास शोधण्याची जावाची सोय, म्हणजे रिफ्लेक्शन, तिथे चालत नाही.

४. काय मिळतं, काय मिळत नाही?

मिळतं : स्ट्रिंग, इंटिजर, मॅथ यांसारखे मूलभूत क्लास, ॲरेलिस्ट, हॅशमॅप, साधा डेट क्लास, मोठ्या संख्यांसाठी बिगडेसिमल. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीत जावा ८ मधल्या बऱ्याच नव्या सोयीही आल्या.

मिळत नाही : तारीख सजवून दाखवणारा सिंपलडेटफॉरमॅट, कॅलेंडर, स्ट्रिंगमधली फॉरमॅट ही पद्धत, स्कॅनर, स्वतंत्र ओळख-क्रमांक देणारा यूयूआयडी, भाषेनुसार क्रम लावणारा कोलेटर, खिडक्या-बटणं काढणाऱ्या एडब्ल्यूटी आणि स्विंग या लायब्रऱ्या.

इथे एक गोंधळ होतो. आपला एडिटर आणि नेहमीचा जावा कंपायलर खरी लायब्ररी बघून तपासतात. त्यांना सगळं बरोबर दिसतं, कुठेही लाल रेघ नाही. जीडब्ल्यूटीचा कंपायलर चालवला की मगच कळतं. तो सांगतो की अमुक क्लासचा सोर्स कोड उपलब्ध नाही, एखादं आवश्यक मॉड्यूल जोडायचं राहिलं का? मॉड्यूल जोडायचं राहिलेलं नसेल, तर हीच आपली रिकामी जागा.

५. जागा भरण्याचे चार मार्ग

*पहिला मार्ग : त्या वस्तूशिवाय काम करणं.* गोडा मसाला नसेल तर आमटी नुसत्या जिरे-धने पुडीवर होते. टक्केवारी दाखवायला स्ट्रिंगची फॉरमॅट पद्धत लागतेच असं नाही. टक्केवारीला १०० ने गुणा, पूर्णांकात गोल करा, मग भागाकार रुपयांच्या जागी आणि बाकी पैशांच्या जागी लिहा. बाकी एक अंकी असेल तर आधी शून्य लावा. पाच-सहा ओळींत काम होतं. ही छोटी पद्धत आपल्याच एका मदतनीस क्लासमध्ये ठेवायची. स्ट्रिंगसारखा मूळ क्लास स्वतः बदलायला जाऊ नये, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा असतो.

*दुसरा मार्ग : साधनाने दिलेला पर्याय वापरणं.* तारखेसाठी जीडब्ल्यूटीचा डेटटाइमफॉरमॅट, आकड्यांसाठी नंबरफॉरमॅट, मजकुरातले नमुने शोधण्यासाठी रेगएक्स्प हे क्लास तयार आहेत. हे सोयीचं आहे, पण आपला कोड त्या साधनाला बांधला जातो. उद्या तोच कोड दुसरीकडे न्यायचा असेल तर पुन्हा शोधाशोध.

*तिसरा मार्ग : मधला करार.* जिओजेब्राने हाच धरला आहे. त्यांचा गणिताचा समाईक कोड एका भागात आहे, कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीचा वेगळ्या भागात आणि वेबचा आणखी वेगळ्या भागात. एडब्ल्यूटीमधला रंगाचा क्लास वेबवर मिळत नाही. म्हणून समाईक भागात त्यांनी स्वतःचे जीकलर, जीफॉन्ट असे क्लास ठेवले. समाईक कोड फक्त यांच्याशी बोलतो. पडद्यावर प्रत्यक्ष काय करायचं ते कॉम्प्युटरचा भाग आणि वेबचा भाग आपापल्या परीने ठरवतात. मोठ्या कामासाठी ही पद्धत सगळ्यात टिकाऊ. सुरुवातीला कष्ट जास्त, पण नंतर फायदा.

याच्याच जोडीला एक खूण आहे, जीडब्ल्यूटी-इनकम्पॅटिबल. जी पद्धत वेबवर लागणारच नाही, उदाहरणार्थ गुणपत्रक प्रिंटरला पाठवणं, तिच्यावर ही खूण लावली की जीडब्ल्यूटी ती पद्धत बघतच नाही. गूगलच्या ग्वाव्हा या प्रसिद्ध लायब्ररीत ही खूण ठिकठिकाणी दिसते.

*चौथा मार्ग : स्वतः डबा भरणं.* म्हणजे नसलेला क्लास त्याच नावाने आपणच लिहायचा. याला सुपर-सोर्स म्हणतात. हा जरा सविस्तर पाहू.

६. सुपर-सोर्स : एक पूर्ण उदाहरण

समजा, मुलांनी मोबाईलवरून सोडवलेल्या प्रत्येक उत्तरपत्रिकेला वेगळा क्रमांक द्यायचा आहे. वर्गात दोन सई असतील तरी गुण एकमेकींच्या नावावर जाऊ नयेत, हा हेतू. जावामध्ये यासाठी यूयूआयडी क्लास आहे. तो जीडब्ल्यूटीच्या नकललेल्या लायब्ररीत नाही.

पायरी १ : आपल्या मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये 'सुपर' नावाचं फोल्डर करा. त्याच्या आत 'जावा', त्याच्या आत 'युटिल' आणि त्यात यूयूआयडीची फाइल.

पायरी २ : फाइलच्या पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव जावा डॉट युटिल असंच लिहा. फाइल आपल्या घरात आहे, पण पत्ता खऱ्या क्लासचा आहे. हीच युक्ती आहे. एडिटर यावर कुरकुर करतो, म्हणून हे फोल्डर नेहमीच्या जावा कोडपासून वेगळं ठेवावं. ते नेहमीच्या कंपायलरला द्यायचं नाही.

पायरी ३ : मॉड्यूलच्या एक्सएमएल फाइलमध्ये सुपर-सोर्सचा टॅग लिहून त्यात या फोल्डरचा मार्ग द्या. आता जीडब्ल्यूटी यूयूआयडी मागताना आपली फाइल उचलेल. शाळेच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालेल तेव्हा मात्र खरा यूयूआयडीच वापरला जाईल.

पायरी ४ : लागतील तेवढ्याच पद्धती लिहा. आपल्याला नवा क्रमांक तयार करणं, मजकुरावरून क्रमांक वाचणं आणि मजकुरात दाखवणं एवढंच हवं. चौथ्या प्रकारच्या यूयूआयडीची रचना ठरलेली आहे. एकूण १२८ बिट, मजकुरात ३२ अंक-अक्षरं, ८-४-४-४-१२ असे पाच गट, मध्ये चार आडव्या रेघा, म्हणजे ३६ चिन्हं. रेघा सोडून मोजलं तर तेरावं चिन्ह नेहमी ४ असतं आणि सतराव्या जागी ८, ९, ए किंवा बी यांपैकीच एक येतं. यात ६ बिट ठरलेले, उरलेले १२२ बिट चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे. या चिठ्ठ्या ब्राउझरच्या क्रिप्टो सोयीतून काढाव्यात. मॅथमधली रँडम ही पद्धत सुरक्षेच्या कामासाठी बनवलेली नाही.

पायरी ५ : दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात, इक्वल्स आणि हॅशकोड. या लिहिल्या नाहीत तर एकच क्रमांक दोनदा वाचल्यावर कॉम्प्युटर त्यांना दोन वेगळ्या वस्तू समजतो. हॅशमॅपमध्ये सईची उत्तरपत्रिका असते, पण शोधल्यावर सापडत नाही.

पायरी ६ : जे लिहिलं नाही ते खरोखरच रिकामं ठेवा. 'असू दे, नंतर भरू' म्हणून शून्य किंवा रिकामी किंमत परत करणारी पद्धत लिहू नका. पद्धतच नसेल तर कंपायलर लगेच ओरडेल. असेल आणि खोटं उत्तर देत असेल तर कुणालाच कळणार नाही. उदाहरणार्थ, यूयूआयडींचा क्रम लावणारी पद्धत. खऱ्या जावामध्ये ती दोन ६४ बिटच्या ऋण-धन संख्यांची तुलना करते. त्यामुळे ८ ते एफ ने सुरू होणारे क्रमांक ० ते ७ वाल्यांच्या आधी येतात. आपण सरळ मजकुराची तुलना लिहिली तर क्रम वेगळा येईल. शाळेच्या कॉम्प्युटरवर एक क्रम आणि पालकांच्या मोबाईलवर दुसरा. गरज नसेल तर ही पद्धत लिहूच नये.

७. ओरडणाऱ्या जागा आणि गप्प जागा

आता सर्वात महत्त्वाचा भाग. वर्गात दोन प्रकारची मुलं असतात. एक म्हणतं, "बाई, मला हे येत नाही." त्याला आपण शिकवतो, प्रश्न सुटतो. दुसरं काहीच बोलत नाही, आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर लिहितं, आणि वही तपासेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. नकललेल्या लायब्ररीतल्या जागाही अशाच दोन प्रकारच्या. नसलेला क्लास ओरडतो. असलेला, पण वेगळा वागणारा क्लास गप्प बसतो. गप्प जागांची ही पाच उदाहरणं बघा.

*शून्याने भागाकार.* वर्गाची सरासरी म्हणजे एकूण गुण भागिले हजर मुलं. चाचणी कुणीच दिली नसेल तर भाजक शून्य. खऱ्या जावामध्ये पूर्णांकांचा असा भागाकार केला की प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. जीडब्ल्यूटीमध्ये साध्या पूर्णांकांसाठी उत्तर शून्य येतं आणि प्रोग्राम पुढे जातो. पडद्यावर 'सरासरी ०' दिसते. न झालेल्या चाचणीत वर्ग नापास! उपाय सोपा आहे. भागाकाराआधी भाजक शून्य आहे का ते तपासा आणि 'चाचणी झालेली नाही' असं लिहा.

*४० आणि ४०.०.* जावामध्ये दशांश प्रकारातल्या ४० चा मजकूर केला की '४०.०' येतो. जीडब्ल्यूटीमध्ये नुसता '४०' येतो, कारण जावास्क्रिप्टला दोन्हींत फरक दिसत नाही. मुलाचं उत्तर मजकूर म्हणून जुळवलं तर एकाच उत्तराला एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक मिळेल. संख्यांची तुलना संख्या म्हणूनच करावी.

*देवनागरी अंक.* हे उदाहरण खास आपलं. मूल मराठी कीबोर्डवरून ५ लिहितं. खऱ्या जावामध्ये मजकुरातून पूर्णांक वाचणारी पद्धत देवनागरी अंकही ओळखते. जीडब्ल्यूटीची नक्कल मात्र इंग्रजी अंकच ओळखते. उत्तर बरोबर असूनही 'ही संख्या नाही' अशी चूक येते. मराठी माध्यमाच्या मुलाने मराठीत उत्तर लिहिलं म्हणून त्याचा गुण जाणं, हे आपण कसं चालवून घ्यायचं? उपाय असा. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५ आहे. इंग्रजी शून्याचा ४८. संख्या वाचण्याआधी मजकुरातलं प्रत्येक चिन्ह बघायचं. त्याचा क्रमांक २४०६ ते २४१५ असेल तर त्यातून २३५८ वजा करायचे, इंग्रजी अंक मिळतो. एवढीच पद्धत मदतनीस क्लासमध्ये ठेवली की दोन्ही अंक चालतात.

*वर्णानुक्रम.* हजेरीत नावं कशी लागतात? आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. कॉम्प्युटर नुसता युनिकोडच्या क्रमाने गेला तर ळ हा ल च्या लगेच पुढे येतो. क्ष हे जोडाक्षर क च्या पोटात म्हणून क्षितिजा कौसल्येनंतर आणि खंडूच्या आधी येते. ज्ञानेश्वर असाच ज च्या गटात जातो. कोलेटर क्लास जीडब्ल्यूटीमध्ये नाही. पण ब्राउझरकडे स्वतःची भाषानिहाय क्रम लावण्याची सोय आहे, तिचं नाव इंटल कोलेटर. २.८ आवृत्तीपासून असलेल्या जेएस-इंटरऑप या सोयीने आपल्या जावा कोडमधून तिला बोलावता येतं. भाषा मराठी द्यावी आणि क्ष, ज्ञ, ळ असलेल्या पंधरा-वीस शब्दांची यादी लावून डोळ्यांनी तपासावी.

*लांबलचक क्रमांक.* सरल प्रणालीतला विद्यार्थी आयडी १९ अंकी असतो. जावाच्या लाँग प्रकारात तो मावतो. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या मात्र ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच एकेक पूर्णांक अचूक धरते. हा आकडा १६ अंकी आहे. जीडब्ल्यूटी लाँगची नक्कल तीन तुकडे करून करतं, २२, २२ आणि २० बिटचे, त्यामुळे आतल्या आत हिशेब बरोबर राहतो, फक्त थोडा हळू. पण तीच संख्या जावास्क्रिप्टच्या हवाली केली की शेवटचे अंक बदलतात. २० ने सुरू होणाऱ्या १९ अंकी संख्यांमध्ये जावास्क्रिप्टला २५६ च्या टप्प्यानेच फरक कळतो. म्हणजे ओळीने आयडी असलेल्या तीस मुलांचा वर्ग एक किंवा फार तर दोन आयडींमध्ये गोळा होऊ शकतो! म्हणून आयडी कधीही संख्या म्हणून ठेवू नये. त्याची बेरीज-वजाबाकी आपण करत नाही. तो मजकूर म्हणूनच ठेवावा.

८. तपासायचं कसं?

एकच प्रश्नपत्रिका दोन्हीकडे सोडवून घ्यायची. खरा जावा म्हणजे आपली उत्तरसूची. जो क्लास आपण नकलला त्यासाठी वीस-पंचवीस छोटे प्रश्न लिहायचे. रिकामा मजकूर दिला तर काय? ऋण संख्या दिली तर? देवनागरी अंक? तारीख २९ फेब्रुवारी? हे प्रश्न आधी खऱ्या जावावर चालवून उत्तरं पक्की करायची, मग तेच जीडब्ल्यूटीच्या नकलेवर. यासाठी जीडब्ल्यूटी टेस्टकेस नावाची सोय आहे. ती एचटीएमएल-युनिट या पडद्याविना चालणाऱ्या ब्राउझरमध्ये चाचण्या चालवते. शेवटी एखाद्या साध्या, जुन्या मोबाईलवर प्रत्यक्ष उघडून बघावंच. आपल्या पालकांच्या हातात तोच असतो.

साधन बदललं तर प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवावी. जेटूसीएल जीडब्ल्यूटीचीच नकललेली लायब्ररी वापरतं, पण त्याचा कंपायलर वेगळा आहे. टीव्हीएमची लायब्ररी तर वेगळीच आहे. चीअरपीजे जावाची जवळजवळ सगळी लायब्ररीच ब्राउझरमध्ये नेतं, त्यामुळे रिकाम्या जागा कमी, पण वजन जास्त.

९. पालकांसाठी दोन शब्द

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आम्हाला याचा काय उपयोग? उपयोग आहे. घरी मूल म्हणालं, "माझं उत्तर बरोबर आहे, पण मोबाईल चूक म्हणतोय," तर लगेच मुलाला दोष देऊ नका. उत्तर कागदावर लिहून घ्या, पडद्याचा फोटो काढा आणि शिक्षकांना दाखवा. मुलाने अंक मराठीत लिहिला होता की इंग्रजीत, तेही सांगा. एवढ्या माहितीवरून शिक्षकाला गप्प जागा सापडते, आणि बाकीच्या मुलांचेही गुण वाचतात.

थोडक्यात

- ब्राउझरमध्ये जावाची खरी लायब्ररी नसते, नकललेली असते. तिच्यात रिकाम्या जागा असणारच.
- आधी त्याशिवाय जमतं का बघा, मग तयार पर्याय, मग मधला करार, आणि गरज असेल तरच सुपर-सोर्स.
- स्वतः क्लास लिहिलात तर लागेल तेवढाच, पण खऱ्यासारखाच वागणारा लिहा.
- अर्धवट भरलेल्या जागेपेक्षा उघडी रिकामी जागा बरी, ती निदान दिसते.
- भागाकार, दशांश, देवनागरी अंक, वर्णानुक्रम आणि लांब आयडी या पाच ठिकाणी हमखास तपासा.

स्वाध्याय

१. तुमच्या एखाद्या प्रोग्रामच्या सुरुवातीच्या इम्पोर्ट ओळी वहीत उतरवा. त्यांतले कोणते क्लास जीडब्ल्यूटीमध्ये मिळतात आणि कोणते नाही, अशा दोन याद्या करा.

२. न मिळणाऱ्या प्रत्येक क्लाससमोर वरच्या चारपैकी कोणता मार्ग घ्याल ते आणि त्याचं कारण एका वाक्यात लिहा.

३. तुमच्या वर्गाची हजेरी कॉम्प्युटरकडून क्रमाने लावून घ्या आणि हाताने लिहिलेल्या हजेरीशी ताडून बघा. हे काम चौथीच्या मुलांनाही देता येईल. वर्णमालेची उजळणी होते, आणि कॉम्प्युटरचं उत्तरही तपासून घ्यायचं असतं हे त्यांना त्या वयातच कळतं.